वाळेपर्यंत

"हात लावा ना मॅडम. वाळलंय."

पाटी यंत्राच्या पोटातून पुरती बाहेरसुद्धा आली नव्हती. जांभळट उजेडाची एक पट्टी तिच्यावरून इकडून तिकडे फिरत होती, कुणीतरी न बोलता फरशी पुसत असावं तशी, आणि ती थांबते न थांबते तोच डेमोवाला मला हात लावा म्हणत होता. माझा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. मी थांबवला नाही. तो आपला आपण थांबला, गरम पातेल्यापाशी थांबतो तसा. "लावा हो, चावत नाही," तो म्हणाला, आणि माझी वाट न बघता त्याने स्वतःचा अंगठा ताज्या निळ्या अक्षरावर दाबून चांगला फिरवला. माझ्या तोंडून "अहो, अहो!" निघून गेलं. त्या चकचकीत दालनातल्या दोन-चार माणसांनी वळून बघितलं. त्याने अंगठा वर करून दाखवला, जादूगार रिकामी मूठ दाखवतो तसा. स्वच्छ. अक्षरही जिथल्या तिथे. मी हसले, दुसरं काय करणार, पण तिथून पुढे तो जे सांगत होता त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही.

कारण आमच्या घरात सगळं कायम ओलं असायचं. पुढे बाबांचं पाट्यांचं दुकान, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही: आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण चिमी. दुकानात न मावलेल्या पाट्या घरात वाळायला यायच्या. बोळात भिंतीला टेकून, कपाटाच्या पाठीशी, पलंगाखाली आडव्या. डॉक्टरांची, शिवणक्लासची, किल्ल्या करून देणाऱ्याची. आम्ही बहिणी चालायला शिकलो त्याच मुळी खेकड्यासारख्या आडव्या. "हात लावू नकोस, ओलं आहे" हे वाक्य मी बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत असणार, कारण ते मला कुणी पहिल्यांदा कधी म्हटलं ते आठवत नाही. स्वतःचं नाव पहिल्यांदा कधी ऐकलं ते जसं आठवत नाही तसंच. शाळेत माझ्या कोपराला रोज नवा रंग. बाई विचारायच्या, "आज कोणाचं दुकान?" घरी पाहुणे आले की आई आधी त्यांना पाठमोरं करून बघायची, कुठे काही लागलंय का, आणि मग म्हणायची, "बसा आता निवांत. या घरात वाळलेली तेवढी मीच आहे." बाबा हसायचे, दर वेळी नव्याने हसायचे, हे त्यांचं आईवरचं प्रेम. एका पाटीला एक रात्र लागायची, हवा दमट असली तर दोन. तेवढ्या वेळात धावायचं नाही, झाडायचं नाही, दार आपटायचं नाही, धूळ बसते. अख्खं घर एका पाटीसाठी श्वास धरून. सकाळी बाबा करंगळीचं नख एका कोपऱ्यात हलकेच टेकवून बघायचे, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, आणि म्हणायचे, "झाली." मग आम्हाला परवानगी. आम्ही दोघी दोन्ही तळवे पसरून त्या पाटीवर ठेवायचो, कारण रात्रभर आम्हाला तेवढंच हवं असायचं. आणि आता हा माणूस म्हणतो, लावा. मधली रात्र कुठे गेली?

तर मी तिथे फ्लॅटबेड प्रिंटर निवडायला गेले होते. यात कागद रुळांमधून ओढला जात नाही. वस्तूच आहे तशी सपाट बिछान्यावर निजवायची, लाकूड, पत्रा, काच, काय असेल ते, आणि यंत्राचं डोकं वरून फिरत छापत जातं, आणि त्याच्याबरोबरचा जांभळा उजेड शाई तिथल्या तिथे वाळवत जातो. आमच्या धंद्यात आता रस्त्याभर लांब पाट्या फार येत नाहीत. येतात त्या केबिनच्या दारावरच्या, टेबलावर ठेवायच्या, वीतभर, हातभर. आणि त्या उद्या हव्या असतात. 'उद्या' हा शब्द माणसं अशा सुरात म्हणतात की जणू काल म्हणणार होते, पण आपल्यावर दया आली. आम्ही त्या बाहेरून छापून आणायचो, आणि बाहेरचा द्यायचा त्याच्या मर्जीने. गेल्या वर्षभरात जुनी गिऱ्हाइकं एकेक करून थेट त्या बाहेरच्याकडेच जायला लागली. त्यांचं तरी काय चुकलं? यंत्र घ्यायचं हे ठरलंच होतं. कुठलं, एवढंच राहिलं होतं. मी कुठे काही शिकलेली नाही. लग्न लवकर केलं, लवकर आवरलं, आणि एका दुपारी बॅग घेऊन दुकानात येऊन उभी राहिले तेव्हा बाबांनी "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी हातात ब्रश दिला. ब्रश मी बाबांकडून शिकले, कॉम्प्युटर चुकीची बटणं दाबून दाबून. या यंत्रांच्या माहितीपत्रकावर 'एन्ट्री लेव्हल' असं छापलेलं असतं, म्हणजे नवशिक्यांसाठी. केस पांढरे व्हायला लागल्यावर पुन्हा नवशिकी व्हायला मिळतंय, हेही नसे थोडके.

गाडी दोन यंत्रांवर येऊन अडली होती. मनातल्या मनात मी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणत होते. थोरलं स्वतःच्या पायांवर उभं राहणारं, कपाटाचं दार आडवं घालता येईल एवढ्या बिछान्याचं. धाकटं टेबलावर ठेवायचं, चहाच्या मोठ्या ट्रेएवढं अंग. चिमी परगावी एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते; तिने फोनवर इतके व्हिडिओ पाठवले होते की मला त्यातल्या माणसांचे शर्टसुद्धा ओळखीचे झाले होते. ती थोरल्याच्या बाजूची. डेमोवालाही थोरल्याच्याच बाजूचा, पण माणूस सरळ. "खोटं कशाला बोलू मॅडम, छोट्यात एक कटकट आहे. पांढरी. बाकीच्या शाया गरीब असतात बिचाऱ्या, पांढरी जड. खाली बसते. मोठ्यात पंप आहे, तो तिला सारखी फिरवत ठेवतो. छोट्यात नाही. रोज सकाळी बाटली काढायची, हाताने हलवायची, परत लावायची. दोन दिवस विसरलात की डोकं चोंदलंच समजा. सुटी नाही, रविवार नाही."

"म्हणजे तान्हं मूलच की," मी म्हणाले.

"तान्हं मूल मोठं तरी होतं," तो म्हणाला, आणि मला तो आवडला.

थोरल्यात सगळंच होतं. फक्त त्याला जागा हवी होती, आणि दुकानात जागा एकच, बाबांचं टेबल आहे ती. ते टेबल म्हणजे जाड फळ्यांचा एक जुना दरवाजाच आहे, बाबांनी तरुणपणी कुठूनसा आणून पाय लावलेला. त्याच्यावर रंग इतक्या वेळा सांडलाय, पुसलाय, पुन्हा सांडलाय की लाकूड कुठलं हे आता लाकडालाही आठवत नसेल. मला मात्र ते वाचता येतं. ही हिरवी कड औषधांच्या दुकानाची. हा विटकरी ओघळ त्या केशकर्तनालयाचा, ज्याच्या मालकाने तीनदा रंग बदलायला लावला आणि शेवटी पहिलाच घेतला. ही पिवळी बोटं चिमीची. तिला त्या दिवशी मार बसला होता, आणि मग बाबांनीच ती बोटं पुसू दिली नव्हती. या टेबलापाशी बाबा अजून रोज येऊन बसतात. नंतर मागच्या खोल्या सोडून आम्ही दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलो, आई तिथेच वारली, पण बाबांचा सकाळचा रस्ता बदलला नाही. डोळे गेल्यात जमा आहेत. नजरेचा मधलाच भाग जातो असा काहीसा आजार. कडा दिसतात, मधलं पुसलेलं. जन्मभर माणसाने अक्षरांच्या कडा सांभाळल्या, म्हणून कडा तेवढ्या शिल्लक राहिल्या असाव्यात. माझा चेहरा बघायचा तर ते माझ्या कानाकडे बघतात. ब्रश धरून काही वर्षं झाली. तरी सकाळी कुलूप तेच उघडतात, टेबलाशी बसतात, आणि ब्रश धुतात. कुणीही न वापरलेले, स्वच्छ ब्रश, टर्पेंटाइनमध्ये बुडवून, केस सरळ करून, टोकं जुळवून, पुन्हा डब्यात उभे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "डोळ्यांचं आपल्या हातात नाही. पाय चालते ठेवा. कुठेतरी रोज जायचंय हे असू द्या त्यांच्या डोक्यात." मी तेव्हा मान हलवली होती, पण ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या छातीत एखादी टाचणी राहून जावी तसं राहिलंय, वाकलं की टोचतं. आणि यंत्राचा विषय निघाला तेव्हा बाबांनी काय म्हणावं? "टेबल काढून टाका की. अडगळच आहे. माझं काय, मी बसेन घरी." असं सहज, पावाला लोणी लावता लावता. घरी बसेन. टेबल जाणं म्हणजे काय होतं ते त्या तीन अक्षरी 'बसेन'मध्ये मला स्वच्छ दिसलं: खिडकीशी एक खुर्ची, खुर्चीत बाबा, आणि एका जागी साचत जाणारे पाय.

डेमोवाल्याने सांगून ठेवलं होतं की आपलीच एखादी फाइल आणा, आपलंच काम छापून बघा. मी दुकानाचं नाव नेलं होतं. आमच्या पुढच्या काचेवर बाबांनी लिहिलेलं आहे ते, खाली एक बारीक लांब रेघ असलेलं. आदल्या दिवशी काचेवर पातळ कागद चिकटवून गिरवून घेतलं, आणि मग कॉम्प्युटरवर चढवलं. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर मागच्या बाजूने छापायचं होतं. म्हणजे आधी रंग आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्याचा थर, आणि अक्षरं उलटी, मग पुढून बघणाऱ्याला सुलट दिसतात. डेमोवाल्याने सवयीने 'उलटं करा'वर खूण केली. यंत्र चाललं, पाटी आली, आणि आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. पुढून अक्षरं उलटी. मागून पांढरी, सुलट. "असं कसं?" तो खूण तपासायला लागला. मला मात्र कळलं आणि हसूच फुटलं. मी गिरवताना आत उभी होते. दुकानाच्या आत. काचेवरचं नाव आतून उलटं दिसतं, आणि मी ते तसंच गिरवून घेऊन आले होते. एकदाही मनात आलं नाही की हे उलटं आहे, कारण इतकी वर्षं मी ते नाव आतूनच बघतेय. माझ्यासाठी तेच सुलट. उलट्याचं त्याने पुन्हा उलटं केलं. "तुमची काही चूक नाही हो," मी त्याला म्हटलं, "आम्ही माणसंच आतली आहोत." त्याला काय कळलं कोण जाणे. दुसरी काढून देतो म्हणाला. मी म्हटलं नको, मला हीच द्या. आणि शेवटी, त्याने कागदात गुंडाळायच्या आधी, मी हात लावला. एक बोट. वाळली होती.

बसमध्ये ती पाटी मांडीवर धरून बसले होते, दोन्ही हातांनी, कडांना, बोटं आत न जाऊ देता. ओली असल्यासारखी. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "केक आहे का?" मी हो म्हटलं, समजावत कोण बसणार. आणि मग मला ती काच आठवायला लागली. म्हणजे ती मी विसरलेच नव्हते, पण कागदातून पाटीची काचेसारखी कड बोटाला लागत होती, तेव्हा ती आठवण डोक्यात न येता हातातून वर चढत आली. दुकानाच्या काचेवर नाव लिहायचं तो दिवस. काचेवर आतून लिहितात, म्हणजे ऊन, धूळ, लोकांचे हात लागत नाहीत. बाबा आत, स्टुलावर, हातात हात टेकायची काठी, आणि मी बाहेर फुटपाथवर, कारण त्यांना बाहेरून कसं दिसतंय ते सांगणारं कुणीतरी हवं होतं आणि आईला वेळ नव्हता. शाळेत अजून मी ओळीच्या खाली घसरणारी अक्षरं काढत होते, आणि इकडे बाबा माझा सल्ला घेत होते. काचेतून आवाज येत नव्हता. त्यांनी भुवई उचलली की मी हाताने दाखवायची, डावीकडे, अजून, बस. माझं डावं त्यांचं उजवं होतं हे आम्हाला दोघांनाही एक अक्षर वाया गेल्यावर कळलं. ते पुसलं, आणि मग ठरवलं: डावं-उजवं नाही, 'दाराकडे' आणि 'दिव्याकडे'. दार एका बाजूला होतं, रस्त्यावरचा दिवा दुसऱ्या. आजही आम्ही दुकानात असंच बोलतो. नवीन गिऱ्हाईक गोंधळतं. मला आठवतंय ते एवढंच नाही; मला आठवतंय की काचेच्या पलीकडून बाबांचा हात माझ्या चेहऱ्यासमोरून जायचा, ब्रशचं टोक माझ्या नाकापासून काचेच्या जाडीएवढ्या अंतरावर, आणि जिथे काही नव्हतं तिथे, हवेत, अक्षराची कड उमटत जायची, माझ्यासाठी सुलट. ते मला बघत होते, मी त्यांना, मधे अक्षरं वाढत होती, आणि जसजशी ती भरत गेली तसतसे बाबा त्यांच्यामागे दिसेनासे होत गेले. शेवटी त्यांनी पांढऱ्याचा थर दिला तेव्हा तर फक्त केस आणि कोपर. मग ती खालची रेघ. ती ते नेहमी शेवटी ओढायचे, एका दमात. दिव्याकडून दाराकडे. मीही बाहेर श्वास धरला होता. रेघ संपली तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी सोडला, आणि माझ्या श्वासाने काचेवर धुकं धरलं. "पुसू नकोस," असं त्यांचे ओठ म्हणाले. "ओलं आहे." रंग त्यांच्या बाजूला होता, माझ्या बाजूला नव्हताच, हे त्यांनाही माहीत होतं. तरी मी पुसलं नाही. ते आपलं आपण गेलं.

दुकानात पोचले तेव्हा बाबा टेबलाशी होते, समोर ब्रश ओळीने. "झालं का लग्न ठरवून?" त्यांनी विचारलं. यंत्र बघायला जाणं म्हणजे स्थळ बघायला जाणं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "पोरगी कशी आहे?" मी म्हटलं, "दोन आहेत. एक थोराड, एक नाजूक. नाजूक जरा नखरेल आहे." पाटी त्यांच्या हातात दिली. कागद काढताना त्यांनीही ती कडांनीच धरली. मग उजेडाकडे नेली, मान वळवली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायला लागले. बराच वेळ. पुढची, उलटी बाजू त्यांच्याकडे होती.

"हे माझं आहे," ते म्हणाले.

"हो. काचेवरचंच."

"चांगलं उतरलंय. बरोबर आहे."

"बाबा, उलटं आलंय ते."

"उलटं कुठे? आतून बघतोय ना मी. आतून असंच दिसणार." आणि मग ते स्वतःच हसले, आणि त्यांच्या लक्षात आलं की मी पण तेच केलंय, आणि मग तर खोकला येईपर्यंत हसले. "दोघांनी मिळून अख्खा धंदा आतून केला," ते म्हणाले. "बाहेर कोण उभं होतं, कोण जाणे." मी होते, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. त्यांनी पाटी पालथी केली. आता अंगठा पांढऱ्या अक्षरांवरून सावकाश फिरवायला लागले, वळणावर थांबत, जिथे ब्रश उचलला असेल तिथे उचलत. जणू लिहीत होते. डोळ्यांपेक्षा अंगठ्याने त्यांना जास्त दिसत होतं. रेघेवर आले, आणि दिव्याकडून दाराकडे अंगठा गेला, एका दमात. "पांढरं शेवटी दिलंय," ते म्हणाले. "काचेवर द्यायचो तसं. त्याला कुणी शिकवलं?" मग अंगठा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "आणि पांढरं बसतं का गं खाली? का यांचं नाही बसत?"

मी त्यांना त्यातलं अजून काही सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडे पांढऱ्याचा डबा सगळ्यांत जड. सकाळी उघडला की वर तेलाचं पाणी आणि तळाशी दगड. शाळेत जायच्या आधी तो ढवळणं हे माझं काम होतं. सपाट काठीने, तळ खरवडत, पण फेस न येऊ देता. बाबा म्हणायचे पांढरं आळशी असतं, त्याला रोज उठवावं लागतं, आणि एकदा उठलं की मग त्याच्यासारखं कामाचं कुणी नाही. मी म्हटलं, "बसतं. तसंच बसतं."

"मग?" त्यांचा चेहरा एकदम माझ्या कानाकडे वळला. तो चेहरा मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. ज्याला काहीतरी विचारलं जाणार आहे अशा माणसाचा चेहरा. "मग उठवतं कोण?"

"मोठ्यात पंप आहे. तो फिरवत राहतो आपोआप."

"अच्छा," ते म्हणाले. "पंप." पाटी त्यांनी टेबलावर ठेवली, हळूच, चिमीच्या पिवळ्या बोटांच्या शेजारी. "मग उत्तमच आहे. टेबल न्यायला कुणाला तरी सांगून ठेव मग. जड आहे, एकट्याचं काम नाही." आणि ओळीतला पहिला स्वच्छ ब्रश उचलून टर्पेंटाइनमध्ये बुडवला. त्या वासात मी उभी होते. मला वाटलं, हा वास, हे सांडलेले रंग, काही राहणार नाही, ते तर कळतंच आहे, त्याचं फार वाईट वाटून घ्यायचं वय गेलं. पण आत्ता या खोलीत एक माणूस क्षणभर जागा झाला होता, तळापासून वर आला होता, आणि मी त्याला पंप सांगितला.

"छोटं घेतेय मी," मी म्हणाले.

"का? मोठं बरं ना?"

"त्याचा पंप फार आवाज करतो."

बाबांनी ब्रश निथळवला. "आवाज करतो?"

"फार. डोकं उठेल."

"मग नकोच," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "छोट्याला टेबल लागेल ना पण?" मी म्हटलं, लागेल. बरंच भक्कम लागेल. टेबलाचा पाय त्यांनी बसल्या बसल्या आपल्या पायाने चाचपून बघितला.

चिमी फोनवर उसळलीच. "ताई, तुला वेड लागलंय का? मी इतकं शोधून दिलं! मोठी पाटी आली की काय करणार आहेस?"

"बाहेर देईन. आत्ताही देतेच."

"अगं मग यंत्र घेऊन मिळवलंस काय? आणि ती पांढरी? सगळेजण तेच सांगतात, पंप नसेल तर घेऊ नका. रोज सकाळी कोण हलवत बसणार आहे?"

"तू उंटावर बसून शेळ्या हाक," मी म्हटलं. "इथे खाली माणसं आहेत हलवायला."

पलीकडे तिच्या ऑफिसातले फोन वाजत होते, कुणीतरी हसत होतं. कामं जातील हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या महिन्यात एका शाळेचं सगळं काम आलं, वर्गांवरच्या पाट्या आमच्या यंत्रावर होणाऱ्या, पण फाटकावरची मोठी नाही, आणि सगळं एका ठिकाणी हवं म्हणून ते काम अख्खं त्या बाहेरच्याकडे गेलं. मला ते लागलं. अजूनही त्या फाटकासमोरून जाताना मी दुसरीकडे बघते. पण तेव्हा फोनवर चिमी एकदम लहान आवाजात म्हणाली, "बाटली निसरडी नसते ना? त्यांना नीट धरता येईल?" मी म्हटलं, तू आण की एकदा येऊन त्यांच्यासाठी चांगला खरखरीत हातरुमाल. म्हणाली, आणते.

यंत्र आलं तेव्हा बसवणारा माणूस टेबल समतल आहे का ते बघायचं छोटं लेव्हल घेऊन आला होता, पण बाबांनी त्याच्याआधीच टेबलावर बशीभर पाणी ठेवून घेतलं होतं. बशीच्या कडेला पाणी कुठे जास्त आहे हे त्यांना दिसत होतं; कडाच तर दिसतात. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी, मग अजून एक अर्धी. बसवणाऱ्याने लेव्हल ठेवलं, बुडबुडा मधोमध. तो म्हणाला, "काका, आधीच सांगायचं ना, मी ही अवजारांची पेटी तरी उचलून आणली नसती." टेबलाच्या एका अंगाला यंत्र बसलं, दुसऱ्या अंगाला ब्रशांचा डबा राहिला. बाटली कशी काढायची, कशी लावायची ते बाबांनी डोळे मिटून हाताने दोनदा करून घेतलं, आणि मग त्या माणसाला विचारलं, "फेस आला तर?" तो म्हणाला, "फेस येऊ द्यायचा नाही." बाबांनी माझ्या कानाकडे असं बघितलं की बघ, मी सांगत नव्हतो?

पहिल्या कामाच्या सकाळी मला निघायला उशीर झाला. रस्त्याच्या वळणावरून दुकान दिसलं, कुलूप उघडलेलं, आत दिवा. मी दारातून आत जाणार होते, पण पाय फुटपाथवरच थांबले, जिथे कधीकाळी थांबायचे तिथे. नाव आता बरंच उडालंय. एका अक्षराच्या पोटातून आरपार दिसतं. त्यातून मला बाबा दिसले. टेबलाशी उभे, कोपरं अंगाशी, हातात पांढऱ्याची बाटली. ती ते झटकत नव्हते. आडवी करून, उभी करून, पुन्हा आडवी, झोपलेल्याला हाक न मारता उठवावं तसे. मान एका बाजूला, कान बाटलीशी. आत काय होतंय ते ऐकत होते. कुठल्या तरी क्षणी त्यांना ते पुरेसं वाटलं, आणि तोंड वर झालं, आणि मला जाणवलं की ते मला शोधताहेत. मी रोज एव्हाना आलेली असते. माझ्याकडे सरळ बघितलं असतं तर मी दिसले नसते. त्यांनी मान दाराकडे वळवली, नजर दिव्याकडच्या कोपऱ्याला आणली, आणि मी त्यांना सापडले. भुवई उचलली. मी हाताने दाखवलं: बस. बरोबर आहे.

काम साधं होतं, गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या दारावरची छोटी पाटी, त्यांना 'उद्या' हवी असलेली. यंत्र चालू केलं. जांभळी पट्टी इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे. बाबा शेजारी स्टुलावर बसून ऐकत होते, नाक जरा वर करून. वास वेगळा होता, त्यांना आवडला नाही, पण पाहुण्याच्या वासाला कुणी नावं ठेवत नाही. डोकं थांबलं. मी पाटी उचलून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. निळी अक्षरं, खाली बारीक रेघ. ती मीच घातली होती, शिंपीणबाईंनी मागितली नव्हती.

"लावा हात बाबा," मी म्हटलं. "वाळलंय."

त्यांचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. करंगळी तेवढी पुढे झाली, कोपऱ्याच्या दिशेने, आणि तीही हवेतच राहिली.

"थांब जरा," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. मी दुसरं स्टूल ओढलं, दार हळूच लोटून घेतलं, धूळ बसू नये म्हणून, आणि बसले. बाहेर रस्ता चालला होता. आम्ही दोघं त्या पाटीकडे बघत राहिलो, ते थोडं बाजूने, मी समोरून, ती वाळायची वाट बघत.